हिमातून झिरपणारे रंग

कापड रंगवावयाचे म्हणजे चुलीवर पातेले आणि उकळते पाणी, अशीच सर्वसाधारण समजूत. अमेरिकेच्या उत्तर भागातील हौशी मंडळी मात्र हिवाळ्यात हे काम अंगणातील हिमावर सोपवितात.

सुती कापड धुण्याच्या सोड्याच्या (खाण्याच्या नव्हे) पाण्यात भिजवून पिळतात व चुरगळून जाळीवर ठेवतात. त्यावर ताज्या हिमाचा जाड थर रचून वर रंगाची कोरडी पूड भुरभुरवितात. मग वाट पाहावयाची! हिम वितळेल तसा रंग सावकाश झिरपतो. जांभळी पूड बहुधा अनेक रंगांचे मिश्रण असते. ते घटक निरनिराळ्या गतीने विरघळतात व पसरतात. म्हणून एकाच पुडीतून कुठे निळी, कुठे गुलाबी छटा उमटते, आणि ती कशी उमटेल हे करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही.

याला लागणारे ‘प्रोसियन’ जातीचे रंग इंग्लंडमधील आय. सी. आय. कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. सोड्याच्या साहाय्याने ते सुताच्या धाग्याशी रासायनिक रीत्या जोडले जातात. उकळावे लागत नाही. परंतु थंडीत ही क्रिया मंदावते. हिम केवळ रंग पसरविते, पक्का करीत नाही. यासाठी ते वितळल्यावर कापड ओलेच झाकून दिवसभर उबेत ठेवावे लागते. उतावळेपणाने लगेच धुतले, तर बराचसा रंग मोरीत जातो.

ही पूड श्वासावाटे जाणे अपायकारक. नाकातोंडावर पट्टी हवीच, आणि भांडी स्वयंपाकाची नकोत. इंदूर-बेळगावकडे हिम नसले, तरी बर्फाची लादी फोडून केलेला चुरा तेच काम करतो.