बंदूक आली म्हणून मंत्र मरत नाही

नवा खेळाडू टेबलावर आपलं कॅरेक्टर शीट पुढे सरकवतो. हत्यारांच्या रकान्यात त्यानं हौसेनं ‘पिस्तूल’ लिहिलेलं असतं. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘‘अरे, बंदूक नको रे. बंदूक आली की जादूगाराला विचारतो कोण? आणि जादूच्या जगात ती चालतही नाही.’’ हे मी इतक्या टेबलांवर ऐकलंय की आता वाक्य पूर्ण व्हायच्या आत मला चीड येते. बोलणाऱ्याच्या आवाजात अशी खात्री असते की बिचारा नवखा खोडरबर मागतो, पिस्तूल पुसतो आणि धनुष्य लिहितो. नियमांचं पुस्तक तिथेच पडलेलं असतं, पण ते उघडायचं कुणाच्या मनात येत नाही.

तेव्हा आज ते उघडू. मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे डी अँड डी, या खेळाबद्दल बोलतेय. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. वार लागला का आणि लागला तर किती, हे फासे ठरवतात.

२०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाईड’मध्ये बंदुकांचा तक्ता आहे. पिस्तुलाच्या वाराला दहा बाजूंचा एक फासा आणि पल्ला ३० फूट. त्यापुढे ९० फुटांपर्यंत नेम धरता येतो, पण अडचणीनं. ठासणीच्या मस्केटला बारा बाजूंचा फासा, पल्ला ४० आणि १२० फूट. पिस्तूल २५० सोन्याच्या नाण्यांना, मस्केट ५०० ला. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तर ही दोन्ही तलवारी-भाल्यांच्या नेहमीच्या तक्त्यातच येऊन बसली आहेत. म्हणजे ‘नियमात बंदूक नाही’ हे म्हणणं तिथेच संपतं.

आता शेजारचं लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, पाहा. आठ बाजूंचा फासा, पल्ला १५० आणि ६०० फूट, किंमत ५० नाणी. मस्केटचा सरासरी वार ६.५, धनुष्याचा ४.५. दोन गुणांच्या फरकासाठी तुम्ही ४५० नाणी जास्त मोजलीत आणि पल्ला पाव-एक हिश्श्यावर आणलात. वर बंदुकीला ‘लोडिंग’ची अट आहे. एका ॲक्शनमध्ये एकच बार निघतो. पाचव्या पातळीचा फायटर धनुष्यानं दोन बाण सोडतो, मस्केट मात्र एकदाच उडवतो.

ज्याच्यासाठी एवढा गळा काढला जातो, त्या जादूगाराकडे काय असतं? ‘फायर बोल्ट’. हा अगदी पहिल्या पातळीपासून येणारा, कितीही वेळा वापरता येणारा मंत्र. दहा बाजूंचा फासा, पल्ला १२० फूट. पहिल्या पातळीला पिस्तूल पुढे असतं, हे मान्य. पिस्तूलवाल्याला चपळाईचे तीन गुण मिळतात असं धरलं तर त्याची सरासरी ८.५ आणि जादूगाराची ५.५. पण पाचव्या पातळीला मंत्राचे फासे दोन होतात, अकराव्याला तीन, सतराव्याला चार. अकराव्या पातळीला जादूगाराची सरासरी १६.५ झालेली असते. चपळाईचे पाच गुण धरूनही पिस्तूल तोवर १०.५ वर अडकलेलं असतं. जादूगाराला दारू ठासावी लागत नाही, गोळ्या विकत घ्याव्या लागत नाहीत, हे वेगळंच.

इथे कुणी सांगेल की २०२० च्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मधलं ‘गनर’ हे खास कौशल्य घेतलं की लोडिंगची अट उठते. बरोबर आहे. मग अकराव्या पातळीचा फायटर एका ॲक्शनमध्ये पिस्तुलाचे तीन बार काढतो आणि सगळे लागले तर सरासरी ३१.५ ला पोचतो. पण त्याच फायटरच्या हातात साधं धनुष्य द्या, तीन बाणांचे २८.५ होतात. ही करामत फायटरची आहे. बंदुकीनं त्यात तीन गुणांची भर घातली, इतकंच. आणि पाचव्या पातळीच्या जादूगाराचा ‘फायरबॉल’ २० फूट त्रिज्येतल्या प्रत्येकाला सहा बाजूंच्या आठ फाशांचा, म्हणजे सरासरी २८ चा फटका देतो. तेवढ्यासाठी बंदूकवाल्याला २५० नाण्यांचं दारूचं पिंप उडवावं लागेल. ते १० फुटांच्या आतल्यांनाच भाजतं, आणि तेही सात फाशांनी. मग कोण कोणाला निकामी करतं?

‘जादूच्या जगात बंदूक चालत नाही’ या दुसऱ्या अर्ध्याला मात्र एक मूळ आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. ते ‘फरगॉटन रेल्म्स’ या एका विशिष्ट जगातलं. १९९० च्या ‘फरगॉटन रेल्म्स ॲडव्हेंचर्स’ या पुस्तकात तिथे ‘स्मोकपावडर’ आली. ती गंधक-सोरा-कोळशाची साधी दारू नव्हे, ती मंत्रानं भारलेली भुकटी आहे. कारागिरांचा देव गाँड यानं तिचं रहस्य लांतान बेटावरच्या लोकांना दिलं, अशी तिथली कथा. २०१८ च्या ‘वॉटरडीप : ड्रॅगन हाइस्ट’मध्ये तर ती जादुई वस्तू म्हणूनच दिली आहे, आणि तिच्यावर जादू काढून टाकणारा ‘डिस्पेल मॅजिक’ मंत्र टाकला तर ती कायमची निकामी होते असा स्पष्ट नियम आहे.

एका जगातल्या एका भुकटीचा हा नियम लोकांनी सगळ्या जगांतल्या सगळ्या बंदुकांना लावला. साध्या दारूला ‘डिस्पेल मॅजिक’नं काडीचाही फरक पडत नाही, कारण तिच्यात काढून घेण्याजोगी जादूच नसते. ‘अँटीमॅजिक फील्ड’मध्ये जादूगाराची जादू थांबते, शेजारी उभ्या असलेल्या मस्केटवाल्याचा बार मात्र निघतो. म्हणून टेबलावर आधी विचारावं, ‘या जगातली दारू कुठली?’ उत्तर डीएमनं द्यायचं असतं. पण विचारण्याआधीच ‘चालत नाही’ म्हणणं हे नियमाचं नाव पुढे करून आपली आवड दुसऱ्यावर लादणं आहे.

आणि बंदुकांचं हे सगळं ‘हल्ली घुसवलेलं’ आहे, असंही ऐकवलं जातं. खेळ निघाला १९७४ मध्ये. त्याच्या कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स. त्यांचे भागीदार डॉन के यांचं मर्लिंड हे पात्र ग्रेहॉक या जादूच्या जगात कमरेला सहाबारी पिस्तुलं लावून फिरायचं. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाईड’मध्ये गायगॅक्स यांनी स्वतः ‘सिक्सगन्स अँड सॉर्सरी’ हा भाग लिहिला. काउबॉयांच्या ‘बूट हिल’ या खेळातली पात्रं पिस्तुलांसकट जादूच्या जगात कशी आणायची, हे त्यात आहे. १९८० च्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’मध्ये डोंगरात कोसळलेलं अंतराळयान आहे आणि त्यात किरणांची हत्यारं सापडतात. इतक्या जुन्या गोष्टीला ‘हल्लीचं’ म्हणणाऱ्यांनी जुनी पुस्तकं एकदा तरी उघडावीत.

दुसरा हट्टी समज फायरबॉलचा. ‘फायरबॉल टाकला की बंदूकवाल्याच्या कमरेची दारू उडणारच.’ नाही उडत. मंत्राच्या मजकुरातच लिहिलंय की त्या टापूतल्या ज्वालाग्राही वस्तू पेटतात, पण कुणी अंगावर घातलेल्या किंवा जवळ बाळगलेल्या नाहीत. कमरेला बांधलेलं दारूचं शिंग सुरक्षित, कोपऱ्यात ठेवलेलं पिंप मात्र धोक्यात. ‘फायर बोल्ट’लाही तीच अट आहे. त्यातला हा ‘पण’ गिळून टाकणाऱ्या डीएमनी माझ्या डोळ्यांदेखत पात्रं मारली आहेत, आणि खेळाडूंनी मुकाट्यानं नवी शीटं लिहायला घेतली आहेत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकीचे समज लवकर आटोपतात. ‘गोळी चिलखत भेदतेच’ हे ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाच्या २०११ च्या ‘अल्टिमेट कॉम्बॅट’मधून आलं. तिथे जवळून मारलेल्या गोळीपुढे चिलखताचे गुण धरले जात नाहीत. डी अँड डीच्या २०१४ आणि २०२४ च्या नियमांत गोळीलाही बाणाइतकाच अंक गाठावा लागतो. ‘एक पडला की बंदूक जाम होते’ हा नियमही पाथफाइंडरमध्ये आहे. मॅथ्यू मर्सर यांनी ‘क्रिटिकल रोल’ या खेळाच्या कार्यक्रमासाठी रचलेल्या ‘गनस्लिंगर’ या बंदूकधारी पात्रप्रकारामुळे ते घरोघरी पोचलं, पण डी अँड डीच्या या दोन्ही तक्त्यांत ते नाही. ‘शील्ड’ मंत्र बाणाला जसा लागू तसाच गोळीला. ‘विंड वॉल’ या मंत्राची वाऱ्याची भिंत साध्या बाणांबरोबर साध्या गोळ्याही वर उडवून लावते.

‘नाइट आणि बंदूक एका काळात शोभत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी इतिहास पाहावा. युरोपातल्या तोफेचं चित्र १३२६ च्या सुमाराच्या हस्तलिखितात आहे, आणि नखशिखांत पोलादी पत्र्याचं चिलखत त्यानंतर, पंधराव्या शतकात, रूढ झालं. आपल्याकडेही सतराव्या शतकातल्या मराठी फौजेत ढाल-तलवार, भाला आणि तोड्याची बंदूक बरोबरीनं होती. यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

राहता राहिला ‘सायलेन्स’. या मंत्राच्या २० फूट त्रिज्येच्या गोलात आवाज म्हणून उमटत नाही, आणि ज्या मंत्रांना उच्चार लागतो ते तिथे टाकताच येत नाहीत. बंदुकीला उच्चार लागत नाही. माझ्या टेबलावरच्या एका मुलीनं हे स्वतः वाचून काढलं. तिच्या साथीदार पुरोहितानं शत्रूच्या जादूगाराभोवती सायलेन्स टाकला, तिनं त्या गोलात पाऊल ठेवलं आणि चाप ओढला. डावाच्या शेवटी तिनं शीटवरचं ‘पिस्तूल’ पेन्सिलीनं आणखी गडद केलं.