जुने इंजिन सुटे करताना

मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावलेली 'प्रीमियर पद्मिनी' ही मोटार तुम्ही चित्रांत तरी पाहिली असेल. तिच्या टॅक्सींपैकी शेवटची २०२३ साली रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन तर त्यापूर्वीच थांबले होते. त्यामुळे तिचे अस्सल सुटे भाग सहज मिळत नाहीत. अशी गाडी हौसेने जतन करणारा मनुष्य इंजिन उघडावयास बसतो, तेव्हा हातून काही मोडू नये, हीच त्याला धास्ती असते.

मोडते ते बहुधा घाईने. या इंजिनाचा खालचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, बिडाचा असतो. बीड कठीण खरे. पण जोर फार झाला की ते न वाकता एकदम तडकते. त्यावरील हेड ॲल्युमिनियमचे असते. ते मऊ असल्याने, मध्ये पेचकस घालून उचकटले तर त्यावर चरा उठतो आणि तेथून पुढे वायू व पाणी झिरपू लागते.

सर्वांत हट्टी असतो गंजलेला नट. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील फट भरून नट घट्ट बसतो. पान्याला लांब नळी लावून जोर केला, तर बोल्टच पिळवटून तुटतो आणि त्याचा तुकडा आत अडकून राहतो. जाणता मिस्त्री आदल्या रात्री आट्यांत पातळ तेल सोडून नटाला हलके ठोके देतो. (रात्रभर वाट पाहणे हेच मला तरी सर्वांत अवघड वाटते.) सकाळी तो नट किंचित सैल करतो, थोडा आवळतो, पुन्हा सैल करतो. तरीही नट हलला नाही, तर पेट्रोल दूर नेऊन तो त्याला उष्णता देतो. तापल्यावर नटाचे भोक लहान होत असेल, असे तुम्हांस वाटेल. पण ते मोठे होते. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवितो, ती याच कारणाने.

हेडचे नट मात्र इंजिन पूर्ण निवाल्यावरच, कडेकडून मध्याकडे, प्रत्येकी थोडेथोडे सोडवावे लागतात. नाहीतर ताण एकीकडे पडून हेड वाकते. निघालेल्या प्रत्येक भागावर खूण करून तो क्रमाने मांडावा, कारण वर्षानुवर्षे जोडीने झिजलेले भाग दुसऱ्या जोडीदाराशी जुळत नाहीत. एवढे करूनही हेड चिकटून राहिले, तर मिस्त्री लाकडी हातोडीने भोवताली हळूहळू ठोकत राहतो. अखेर 'चर्र' असा बारीक आवाज होतो, जुनी गॅस्केट सुटते आणि हेड अखंड वर येते.