दंतवैद्याच्या वहीतील ‘बाकी’

दंतचिकित्सालयाचा हिशेब अधिक कार्यक्षम कसा करावा, हा प्रश्न वरकरणी वाणिज्यशाखेचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तो हाती घ्यावा यास एक प्रसंग कारण झाला. नाशिकला एका दंतवैद्याच्या दाराशी आपली पाळी येण्याची वाट पाहत असता, वहीतील ‘बाकी’ या शब्दावरून रुग्ण व स्वागतिका यांच्यात चाललेला वाद प्रस्तुत लेखकाने ऐकला. दोघांचीही वजाबाकी बरोबर होती. शब्दाचा अर्थ मात्र दोघे निरनिराळा घेत होते.

वाण्याच्या दुकानी या हाताने माल व त्या हाताने पैसा, असा रोकडा व्यवहार असतो. दंतवैद्याकडे तसे घडत नाही. ज्यास रुग्ण ‘रूट कॅनल’ म्हणतात तो उपचार बहुधा दोनतीन बैठकींत पुरा होतो. त्यानंतर दातावर टोपी बसते. दात सरळ करण्याच्या तारा तर पुष्कळदा दीड-दोन वर्षे तोंडात राहतात. पैसाही हप्त्याहप्त्यानेच येतो. दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागाईतदाराने ‘माल गेल्यावर देतो’ म्हणावे, हे स्वाभाविकच होय. अशा रीतीने काम एका गतीने चालते आणि पैसा दुसऱ्या. आणि वहीत या दोहोंसाठी रकाना मात्र एकच असतो.

समजा, रूट कॅनलचे ४,००० व टोपीचे ६,००० असे एकूण १०,००० रुपये ठरले. पहिल्या दिवशी रुग्णाने ५,००० दिले. वहीत नोंद होते: ‘जमा ५,०००, बाकी ५,०००’. वस्तुतः त्या दिवशी रुग्णाकडून कपर्दिकही येणे नाही. उलट चिकित्सालयच त्याचे ५,००० रुपयांचे काम लागते. रूट कॅनल पुरे झाल्यावर आकारणी ४,००० होते, आणि चिकित्सालयाकडे रुग्णाचे १,००० उरतात. टोपी बसली म्हणजे आकारणी १०,०००, वसुली ५,०००. आता मात्र ५,००० खरोखर येणे. वहीत पहिल्या दिवशीही ‘बाकी ५,०००’ आणि शेवटच्या दिवशीही ‘बाकी ५,०००’! आकडा तोच, शब्द तोच, अर्थ नेमका उलट. महिनाअखेर अशा सर्व ‘बाक्यां’ची बेरीज करून जो वैद्य आपले येणे ठरवितो, तो न केलेल्या कामाचे पैसे आपले समजून चालतो, आणि टोप्या बनवून देणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल आले की पेटीत पैसा का नाही, याचे त्यास नवल वाटते.

‘जमा’ आणि ‘बाकी’ हे दोन्ही शब्द मुळात अरबी. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला तो अशा शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्यासाठी. परंतु ‘बाकी’चा दोष तिच्या कुळात नाही. उरलेले, एवढेच ती सांगते. कोणाकडे उरले आणि काय उरले, पैसा की काम, हे सांगत नाही. आपल्या ‘येणे’ व ‘देणे’ या क्रियापदांत दिशा अंगभूत आहे. म्हणून वहीतून ‘बाकी’ काढून टाकावी, आणि ठरलेली रक्कम, आकारणी, वसुली असे तीन रकाने करून चौथ्यात ‘येणे’ वा ‘देणे’ यांपैकी एक शब्द लिहावा. दिशा मात्र वक्त्यावर अवलंबून असते: चिकित्सालयाचे येणे ते रुग्णाचे देणे. वही चिकित्सालयाच्या तोंडून बोलते आणि पावती रुग्णाशी बोलते, हे लिहिणाऱ्यास एकदा नीट समजावून द्यावे लागते.

कायद्याने सांगितलेल्या नोंदवहीवर विसंबून हे भागत नाही. १९६२ च्या प्राप्तिकर नियमावलीने वैद्यकव्यावसायिकांसाठी ‘३ क’ नमुन्याची दैनिक रुग्णनोंदवही आखून दिली होती. तीत रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेली फी व ती मिळाल्याची तारीख यांना जागा होती, येण्यादेण्याला नव्हती. करआकारणीस ते पुरेसे असेल, व्यवसायास नाही.

दुसरी अडचण अंकांची. आंतरराष्ट्रीय दंतसंघटनेने १९७० साली स्वीकारलेल्या पद्धतीत प्रत्येक दातास दोन अंक असतात. ३६ म्हणजे खालच्या जबड्यातील डावीकडची पहिली कायमची दाढ; ६३ म्हणजे वरच्या जबड्यातील डावा दुधाचा सुळा. मराठीत ‘छत्तीस’ उच्चारताना सहा आधी येतो, लिहिताना तीन. वैद्य आतून ओरडून सांगतो, बाहेर ऐकून लिहिले जाते, आणि दाढीचा दर सुळ्याला लागतो. (आपल्या भाषेने वैरासाठी नेमका छत्तीसचाच आकडा निवडावा, ही मौज.) २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! दंतवैद्यकात मात्र तो वाद उद्भवतच नाही. कारण हा क्रमांक ‘तीन-सहा’ असा सुटा वाचावयाचा असतो, ‘छत्तीस’ नव्हे. पहिला अंक जबड्याचा भाग दाखवितो, दुसरा त्या भागातील दात. त्यांची मिळून संख्या होतच नाही.

रकमांना ही सोय नाही. तेथे जुन्या कारकुनांची युक्ती कामी येते. दिवसाअखेर पेटी व रोजकीर्द जुळली नाही, आणि फरकास ९ ने निःशेष भाग गेला, तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय प्रथम घ्यावा. ३,६०० चे ६,३०० झाले तर फरक २,७०० चा येतो. तो तीनशे वेळा नऊ.