कोवळ्या आतड्यांतील वसाहत

ज्या ऐवजाकडे पाहून सभ्य माणूस नाक मुरडतो, त्या तान्ह्या मुलांच्या लंगोटातील मळाकडे म्यूनिकच्या थिओडोर एशेरिख या बालवैद्याने १८८५ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकातून मोठ्या आस्थेने पाहिले; आणि जन्मानंतरची पहिली काळी-हिरवी शी जवळजवळ जंतुरहित असली, तरी काही तासांतच तीत जंतू दिसू लागतात, असे त्याच्या ध्यानी आले. पुढे ज्याला त्याचेच नाव मिळाले, तो ई. कोलाय हा जंतू त्याला तेथेच सापडला. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए याला, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मळात, फाटे फुटलेल्या टोकांचा एक निराळाच जंतू विपुल आढळला. आज त्याला बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात. नवजाताच्या आतड्यात आधी कोण येतो आणि मागाहून येऊन कोण ठाण मांडतो, या प्रश्नाची दोन टोके अशी या दोघांच्या हाती लागली होती.

प्रारंभी आतड्यात थोडा प्राणवायू असतो, म्हणून तो वापरू शकणारे जंतू प्रथम तेथे बस्तान बसवतात. ते तो संपवीत आणतात, आणि मग ज्यांना प्राणवायू मुळीच सोसत नाही, अशा जंतूंना शिरकाव मिळतो. या क्रमाला वळण लावण्याचे काम मातेचे दूध करते. दुधाच्या घन घटकांत लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ज्यांचा क्रमांक लागतो, त्या जटिल शर्करा अर्भकाला पचवताच येत नाहीत; तेव्हा बाळंतिणीच्या अंगचे सत्त्व खर्चून निसर्गाने हा निरुपयोगी खटाटोप कशाला करावा, असे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडले होते. त्याचे उत्तर असे की, आई पाजते तेव्हा बाळाबरोबर त्याच्या पोटातील पंक्तीचेही पान वाढलेले असते. बायफिडोबॅक्टेरियमचे काही प्रकार याच शर्करांवर पोसतात, त्यांपासून आम्ले निर्माण करतात, आणि त्या आम्लतेत उपद्रवी जंतूंना तग धरणे कठीण जाते.

कमी वजनाच्या बाळांत मात्र हा क्रम सहज विस्कटतो. जन्मतः ज्याचे वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरते, ते मूल कमी वजनाचे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांच्या वजनाची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे १८ टक्के मुले या वर्गात मोडली. यात काही अपुऱ्या दिवसांची असतात, तर काही पूर्ण दिवस भरूनही गर्भातच खुरटलेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची स्थिती अधिक बिकट. त्याच्या जठरात आम्ल पुरेसे नसते, आतड्यांची हालचाल मंद असते, आतड्याचे अस्तर गळके असते. त्यातच आईपासून दूर काचेच्या पेटीत त्याचा मुक्काम, नळीवाटे थेंब थेंब दूध, आणि जंतुसंसर्गाच्या नुसत्या संशयावरून सुरू केलेली प्रतिजैविके. परिणामी आईच्या अंगावरील जंतूंऐवजी क्लेब्सिएलासारखे रुग्णालयातील जंतूच प्रथम कबजा घेतात. मात्र सगळा दोष औषधांच्या माथी मारण्याची घाई करू नये. अमेरिकेत सेंट लुई येथे अशा ५८ बाळांच्या मळाचे वारंवार परीक्षण करून २०१४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार जंतूंच्या आगमनाचा क्रम मुख्यत्वे बाळाच्या गर्भधारणेपासून मोजलेल्या वयावर अवलंबून असतो. औषधे, प्रसूतीचा प्रकार आणि आहार यांमुळे त्याची गती तेवढी बदलते.

हा क्रम बिघडण्याचे भय ज्या व्याधीमुळे सर्वाधिक वाटते, तीत आतड्याला दाह होऊन त्याचे तुकडेच्या तुकडे मृत होतात. अशा मुलांच्या मळात, व्याधी प्रकट होण्यापूर्वी, ई. कोलायच्या गोत्रातील जंतूंची अतोनात वाढ झालेली पुष्कळदा आढळते. इंग्लंडमध्ये ल्यूकस आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या मुलांची पाहणी करून १९९० साली दाखवून दिले की, निव्वळ डब्याच्या दुधावर असलेल्या मुलांत ही व्याधी केवळ मातेच्या दुधावरील मुलांपेक्षा सहा ते दहा पटींनी अधिक होती. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली, ती म्हणजे केवळ दानधर्माची सोय नव्हती, हे यावरून उमजावे. दान केलेले दूध तापवून निर्जंतुक करावे लागत असल्याने त्यातील जिवंत जंतू जातात खरे, परंतु त्या जटिल शर्करा बव्हंशी टिकून राहतात.

मग उपकारक जंतूच थेट पाजावेत, हा विचार ओघाने येतोच. ओडिशातील १४९ गावांत ४५५६ नवजातांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि त्याला पोषक शर्करा दिल्याने जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. यश स्पृहणीय, पण त्या मुलांचे वजन किमान २००० ग्रॅम होते, ही अट उत्साहाच्या भरात विसरली जाते. याउलट २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हजार ग्रॅमहूनही कमी वजनाच्या एका बाळाच्या मृत्यूनंतर इशारा दिला, कारण त्याच्या रक्तात सापडलेला जंतू त्याला पाजलेल्या उपकारक जंतूंपैकीच होता. इंग्लंडमध्ये १३१५ अतिशय लवकर जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्यांना बायफिडोबॅक्टेरियमचा एक प्रकार देऊन पाहिला, तेव्हा २०१६ साली निष्पन्न लाभ शून्य निघाला. परंतु ज्यांना तो दिलाच नव्हता, त्यांपैकीही पुष्कळांच्या मळात तो जंतू मिळाला. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत त्याची रवानगी बहुधा शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांवरूनच झाली असावी, आणि अशा स्थितीत दिलेल्या व न दिलेल्या मुलांची तुलना कितपत ग्राह्य धरावी, यावर तज्ज्ञांचा खल अद्याप मिटलेला नाही.