हिवाळ्यांतील लहान विमानें आणि आपली घाई

आमच्या सिरसाळ्यास विमानतळ नाहीं. मग शेतकऱ्यांच्या मासिकांत विमानाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. परंतु हल्लीं शेतकरी घरांतील मुलेंहि बारामती-धुळ्यासारख्या ठिकाणीं वैमानिकाचें शिक्षण घेतात. त्यांच्या सुरक्षिततेचा कांहीं भाग आपल्या हातीं आहे, म्हणून हा लेख.

माझा एक पुतण्या असाच शिकत आहे. गेल्या मार्गशीर्षांत घरीं त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. सकाळचें उड्डाण उरकून तो दुपारीं येणार होता. धुक्यामुळें उड्डाण लांबलें व तो दिवेलागणीस पोहोंचला. पाहुण्यांदेखत मीं त्यास बोल लावला, “आम्ही जन्मभर धुक्यांतून पंचनाम्यास गेलों.” तो इतकेंच म्हणाला, “काका, रस्त्यावर गाडी थांबवितां येते. आकाशांत थांबतां येत नाहीं.” मी ओशाळलों. त्या रात्रीं त्याच्याकडून जें समजून घेतलें, तें येथें देत आहें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन एक इंजिनाचें पस मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें. त्या काळीं डोळे हाच वैमानिकाचा मुख्य आधार होता. लहान विमानांच्या बाबतींत तें आजहि बरेंचसें खरें आहे.

निरभ्र व निवांत रात्रीं जमीन आपली ऊब आकाशांत सोडते. तिच्यालगतची हवा थंड होते आणि हवेंतील वाफेचें दंव किंवा धुकें बनतें. नदीकांठीं व भिजविलेल्या रानांत हें अधिक. १००० मीटरपलीकडचें दिसेनासें झालें कीं हवामानशास्त्र त्यास धुकें म्हणतें. डोळ्यांच्या आधारें उडणाऱ्या विमानास आपल्या देशांत सामान्यतः ५ किलोमीटरपर्यंत दिसावें लागतें. धुक्यांत क्षितिज हरपतें. विमान वळत असतांहि कानांतील तोलाचें इंद्रिय तें सरळ असल्याचा भास करून देतें, आणि विमान नकळत जमिनीकडे घसरतें. म्हणून धुकें विरेपर्यंत थांबणें हा पहिला नियम.

दुसरी गोष्ट पाण्याची. अर्धवट भरलेल्या टाकीच्या थंड भिंतींवर रात्रीं आंतील हवेंतल्या ओलाव्याचे थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसतें. यास्तव टाकी सायंकाळींच भरावी व सकाळीं तळाच्या तोटींतून थोडें पेट्रोल कांचेच्या भांड्यांत काढून पाहावें.

तिसरी गोष्ट कार्ब्युरेटरची. त्याच्या गळ्यांत पेट्रोलची वाफ होतांना इतकी थंडी उत्पन्न होते कीं, बाहेर २० अंश उष्णता असली तरी दमट हवेंतील पाणी आंत गोठून इंजिनाचा श्वास कोंडतो. गरम हवा आंत सोडणारा दांडा वैमानिकाजवळ असतो. ती सोडतांच इंजिन प्रथम कुरकुरतें. त्यास भिऊन दांडा परत ढकलूं नये, बर्फ वितळेपर्यंत धीर धरावा.

चौथी गोष्ट पंखांची. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाकांठीं कधीं कधीं दंव गोठतें. तसा खरखरीत पातळ थर पंखांवर असला तरी त्यांची उचलण्याची शक्ति घटते. पंख स्वच्छ पुसल्याविना उडूं नये.

यांतून आपल्या शेतीसहि बोध आहे. आतां ड्रोननें फवारणी होते. अशाच निवांत, थंड पहांटे जमिनीलगत गार हवा व वर उबदार हवा असते. जणूं रानावर झांकणच बसतें. औषधाचे बारीक तुषार त्याखालीं तरंगत राहतात व सरकत सरकत शेजाऱ्याच्या पिकावर जातात. ऊन पडून मंद झुळूक सुटेपर्यंत फवारणी थांबवावी, म्हणजे औषधहि वांचतें व बांधावरचें भांडणहि टळतें.

चारी गोष्टींस धीर लागतो, आणि तो मोडण्याचें काम बहुधा घरचींच माणसें करतात. “कधीं येतोस?” असे चार निरोप गेले कीं, तरुण मन धुक्याशीं पैज लावतें. सबब वैमानिकास वेळेचें वचन मागूं नये. तो उशिरां आला तर “जेवलास कां?” इतकेंच विचारावें.