आकडा खरा, बोलणं खोटं

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं कर्जमाफीचं वचन दिलं. २८ मार्च २०२५ला अजित पवारांनी सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. जूनमध्ये अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू कर्जमाफीसाठी मोझरीला उपोषणाला बसले. परतवाड्यात तेव्हापासून सगळ्याच पुढाऱ्यांना एकच शिवी: खोटारडे. राग माझाही तोच आहे. पण न पाळलेला प्रत्येक शब्द एकाच पोत्यात भरला, की खरा खोटारडा सुटतो.

२००४ची मोफत वीज मतं पडल्यावर २००५ला गेली, कापसावरचा पाचशेचा बोनसही गेला. ते उगाळत नाही. १ जुलै २००६चं मनमोहन सिंगांचं पॅकेज मात्र वेगळं. विदर्भातले सहा जिल्हे, ३,७५० कोटी. यानं कास्तकार सावरेल, हे म्हणणं साफ चुकलं. आत्महत्या थांबल्या नाहीत. मोठा वाटा सिंचनाला, माफी फक्त व्याजाची. निदान चुकलं होतं. फसवायचा हेतू मला तेव्हाही दिसला नाही.

२०१४नंतरचं दशक तसं नाही, आणि ते मी विसरणार नाही. २० मार्च २०१४ला यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' झाली. खर्चावर पन्नास टक्के नफा, हे वचन भाजपच्या जाहीरनाम्यातही आलं. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा ३,७०० होता. सत्ता आल्यावर ३,७५० झाला. क्विंटलमागे पन्नास रुपये! फेब्रुवारी २०१५मध्ये त्याच सरकारनं सर्वोच्च न्यायालयात लिहून दिलं, की असा भाव दिला तर बाजार बिघडेल.

मग २०१८च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जेटलींनी खर्चाच्या दीडपट भाव जाहीर केला. कापसाचा हमीभाव ५,१५०वर गेला. खर्च ३,४३३ धरला, तर गणित बिनचूक. पण त्या खर्चात बियाणं, खत, मजुरी अशा बाबी आणि घरच्यांची मेहनत होती. स्वतःच्या जमिनीचं भाडं नाही, स्वतःच्या भांडवलावरचं व्याज नाही. शेतकरी संघटना हिशेब मागत होत्या तो हे दोन्ही धरून. म्हणून दीडपटीचं ते विधान खोटं नसूनही मी त्याला खोटं बोलणंच म्हणतो: ऐकणारा काय समजेल, हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

कर्जमाफीलाही हीच कसोटी लावा. वचन दिलं तेव्हा सरकार महायुतीचंच होतं आणि अर्थखातं अजित पवारांकडेच. तिजोरीत किती आहे, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?