ओटीपी आलाच नाही, तरी खातं रिकामं! अंगठ्याचा ठसा कसा चोरला जातो?

ओटीपी कुणाला सांगितला नाही, लिंक उघडली नाही, तरी खात्यातून पैसे गेले. हे कसं? यामागे अनेकदा एईपीएस, म्हणजे आधारवरून पैसे काढण्याची सोय असते. गावातली आजी बँक मित्राकडून पेन्शन काढते, ती हीच. त्यासाठी बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. पिनही लागत नाही.

आधार क्रमांक कुठल्याही झेरॉक्सवर सापडतो. पण ठसा? घर-जमिनीच्या नोंदणीच्या कागदपत्रांत दोन्ही एकत्र मिळू शकतात. त्यावरून चोर सिलिकॉनचा अंगठा बनवतात. २०२३ मध्ये कोलकात्यात अशा अनेक तक्रारी आल्या होत्या. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

म्हणून यूआयडीएआयच्या वेबसाइटवर किंवा आधार अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. फुकट आहे. रेशन दुकानात ठसा द्यायचा असेल, तेव्हा तात्पुरतं अनलॉक करावं लागतं. थोडा त्रास आहे खरा. झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तर भुर्दंड ग्राहकावर पडत नाही.